नळी लवचिक, खुंटी घट्ट : मिनी स्प्रिंकलरची जोडणी आपल्याच हातांनी

मैत्रिणींनो, उन्हाळी मेथी-कोथिंबिरीचे वाफे असोत, कांद्याचं रोप असो की गटाची रोपवाटिका, मिनी स्प्रिंकलर आता बऱ्याच ठिकाणी दिसू लागलेत. पाणी बारीक सरीसारखं पडतं, बी वाहून जात नाही, माती थापून कडक होत नाही. झारी घेऊन वाफ्यावाफ्यानं फिरायचे कष्टही वाचतात. पैसे मात्र रोख जातात, किंवा गटाच्या अंतर्गत कर्जातून उचललेले असतात.

आणि मग काय होतं? फिटर जोडणी करून जातो. पंधरा दिवसांत कुठला सांधा गळतो, कुठला स्प्रिंकलर वाकडा होतो, कुठली नळी सुटून कारंजं उडतं. आपण चिंधी बांधतो, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळतो आणि फिटरला फोन लावत बसतो. तो येईपर्यंत वाफ्याचा एक कोपरा वाळतो, दुसऱ्या कोपऱ्यात चिखल होतो.

यातले बहुतेक बिघाड सामान वाईट म्हणून होत नाहीत. लॅटरलपासून स्प्रिंकलरपर्यंत जाणारी जी हातभर लवचिक नळी असते, ती नीट जोडलेली नसते म्हणून होतात. हे काम अवघड नाही. त्याला ना जास्त ताकद लागते ना महागडी हत्यारं. एक नियम तेवढा पक्का लक्षात ठेवायचा : नळीनं फक्त पाणी न्यायचं, ओझं खुंटीनं घ्यायचं. पुढचं सगळं या एका नियमातूनच येतं.

गळतीचा हिशोब

"थोडंसं ठिबकतंय, चालतंय की" असं आपण म्हणतो. एकदा मोजून बघा. गळणाऱ्या सांध्याखाली एक लिटरचा तांब्या ठेवा. तो 5 मिनिटांत भरला तर तासाला 12 लिटर पाणी गेलं. असे 10 सांधे असतील आणि पाळी 3 तासांची असेल, तर 360 लिटर वाया गेलं. पंधरा लिटरचा हंडा धरला तर हे 24 हंडे झाले. एप्रिल-मेमध्ये 24 हंडे पाणी डोक्यावरून आणायला किती खेपा लागतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

नुकसान नुसतं पाण्याचं होत नाही. सांध्यात पाणी गेलं की दाब उतरतो. दाब उतरला की शेवटचे स्प्रिंकलर फिरत नाहीत, नुसते गळतात. तिथली मेथी उगवत नाही, आणि आपण बियाण्याला दोष देतो.

कडक पाइप का मोडतो?

काही ठिकाणी जमिनीतल्या पाइपातून थेट कडक पीव्हीसीचा उभा तुकडा वर काढून त्याच्या टोकाला स्प्रिंकलर बसवतात. दिसायला ताठ आणि मजबूत. पण निंदताना त्याला खुरपं लागतं, शेळी घासून जाते, पोरं धावताना पाय मारतात. वरून धक्का बसला की तो सगळा खालच्या सांध्यावर जातो. पीव्हीसी वाकत नाही, त्यामुळे सांध्यात चीर पडते. चीर जमिनीखाली असल्यानं दिसतही नाही. वर नुसती ओल दिसते.

लवचिक नळी धक्का बसला की हलते, वाकते आणि परत जागेवर येते. सांध्याला झटका बसत नाही. स्प्रिंकलर थोडा इकडेतिकडे सरकवायचा असला तरी नवं छिद्र पाडावं लागत नाही. निंदणीच्या वेळी खुंटी उपसून बाजूला ठेवता येते. पण लवचिक नळी स्वतः उभी राहू शकत नाही. तिच्या भरवशावर स्प्रिंकलर उभा केला तर तो डुलणार, आणि रोज डुलून डुलून सांधा सैल होणार. म्हणूनच खुंटी.

सामान ओळखा

दुकानात गेल्यावर नावं माहीत असली की कुणी काहीही गळ्यात मारत नाही.

लॅटरल : काळी लांब नळी, बहुधा 16 किंवा 20 मिमीची. तिच्यावर आयएसआयचा शिक्का आणि आयएस 12786 हा क्रमांक छापलेला आहे का, बघा.

जोडनळी : लॅटरलपासून स्प्रिंकलरपर्यंत जाणारी बारीक लवचिक नळी. साधारण पेन्सिलीएवढी जाड, हातभर लांब.

कनेक्टर : दोन्ही बाजूंना दातेरी टोक असलेला छोटा तुकडा. एक टोक लॅटरलच्या छिद्रात, दुसरं जोडनळीत.

स्टेक, म्हणजे खुंटी : हिच्यावर स्प्रिंकलर बसतो.

नोझल आणि फिरकी : पाणी किती पडणार हे नोझलवर ठरतं. वेगवेगळ्या पाण्यासाठी वेगवेगळे रंग असतात. एका वाफ्यात एकाच रंगाचं नोझल ठेवा.

पंच : छिद्र पाडायचं हत्यार. कनेक्टरच्या मापाचाच घ्या.

डमी : चुकीचं छिद्र बुजवायचं बूच. दहा-वीस जास्तच घ्या, ती लागतातच.

याशिवाय फिल्टर, व्हॉल्व्ह, लॅटरलच्या शेवटी लावायचे एंड कॅप, आणि जमलं तर दाब दाखवणारं प्रेशर गेज.

जोडणी, पायरी-पायरीनं

1. नळी उन्हात सैल होऊ द्या. लॅटरलचं वेटोळं आणलं की लगेच जोडायला घेऊ नका. शेतात पसरून तासभर उन्हात ठेवा. ती सरळ झाली की मग मापं टाका. वेटोळलेल्या नळीवर छिद्रं पाडली तर पुढे ती पीळ खाते आणि छिद्रांची तोंडं वेडीवाकडी होतात.

2. तुकडे सावलीत तयार करा. जोडनळीचे सगळे तुकडे एकाच लांबीचे कापा. कापायला धारदार ब्लेड किंवा छाटणीची कात्री घ्या. विळ्यानं किंवा दातानं तोडू नका, टोक तिरकं आणि फाटकं होतं. तिरक्या टोकाची नळी कनेक्टरच्या कडेपर्यंत पोचत नाही, आणि तिथूनच गळती सुरू होते.

3. नळी आधी कनेक्टरवर चढवा. नळी कडक वाटली तर तिचं टोक चहाइतक्या गरम पाण्यात काही सेकंद बुडवा आणि कनेक्टर कडेपर्यंत दाबून बसवा. उकळतं पाणी नको, काडीपेटी तर मुळीच नको. नळी जास्त तापली की फुगते आणि थंड झाल्यावर तिची पकड राहत नाही. तेल, ग्रीस, साबण काही लावू नका. आज बसवायला सोपं जातं, उद्या दाबानं तेवढंच सोपं निसटतं. दातेरी टोकावर टेपही गुंडाळू नका. टेप फक्त आट्यांच्या जोडाला.

हे काम बसून करता येतं. गटाच्या बैठकीत दहा जणी बसल्या तर शंभर तुकडे गप्पा मारता मारता तयार होतात.

4. छिद्र पंचानंच पाडा. लॅटरल पीळ न पडता सरळ ठेवा आणि छिद्र वरच्या अंगाला घ्या. खाली गाळ साचतो, त्यामुळे खालच्या अंगाला छिद्र पाडू नका. पंच सरळ धरून एकाच दाबात आत घाला. फिरवत राहिलात तर छिद्र लांबट होतं. फार जोर लावून समोरची भिंत फोडू नका. खिळा, दाभण, तापवलेली तार यांनी छिद्र पाडायचा मोह टाळा. तापलेल्या तारेनं कडा वितळतात, गोलाई बिघडते, आणि तो सांधा कितीही बांधला तरी गळतोच.

5. कनेक्टर धरून दाबा, नळी धरून नाही. कनेक्टरला अंगठ्यानं सरळ दाब द्या. "टक्" असा आवाज आला किंवा बोटाला झटका जाणवला की बसला. मग हळूच ओढून बघा. निघाला नाही पाहिजे.

6. नळीला थोडी ढील द्या. लॅटरलपासून खुंटीपर्यंत नळी ताणलेली नको. ताणलेली नळी रात्रीच्या गारव्यात आखडते आणि सांधा ओढते. पण फार लांबही नको. लांब नळी दुमडते, आणि दुमड पडली की पाणी अडतं. शिवाय बारीक नळीत जितकं लांब जाल तितका दाब कमी होतो. नळीनं हलकं वळण घेऊन स्प्रिंकलरपर्यंत पोचावं, एवढीच ढील बरी. संचासोबत आलेल्या मापाच्या तुकड्याला जोड देऊन तो वाढवू नका.

7. खुंटी सरळ आणि खोल. आदल्या दिवशी जमीन ओली करून ठेवा म्हणजे खुंटी नीट रुतते. हातानं हलवली तर हलता कामा नये. उभी आहे की नाही, हे चार पावलं मागे जाऊन दोन बाजूंनी बघा. खुंटी कलली तर पाणी एका बाजूला लांब जातं, दुसरी बाजू कोरडी राहते. पीक वाढल्यावर पानं फिरकीला अडणार नाहीत, इतकी उंची ठेवा.

8. आधी पाणी सोडा, मग नोझल लावा. जोडताना नळीत माती, प्लॅस्टिकचे कण जातातच. लॅटरलची शेवटची तोंडं उघडी ठेवून पाणी सोडा. स्वच्छ पाणी आलं की एंड कॅप लावा. मग जोडनळ्यांतून थोडं पाणी वाहू द्या आणि शेवटी नोझल बसवा. ही पायरी गाळली की पहिल्याच दिवशी नोझल तुंबतात.

दाब आणि पाण्याचं माप

मिनी स्प्रिंकलरला साधारण दीड ते दोन किलो दाब लागतो. बऱ्याच जणींना वाटतं, टाकी उंचावर ठेवली की झालं. पण पाण्याचा दाब उंचीवर ठरतो : 10 मीटर उंचीला सुमारे 1 किलो. म्हणजे 10 फुटांच्या स्टँडवरच्या टाकीतून जेमतेम 0.3 किलो दाब मिळतो. तेवढ्यावर फिरकी फिरणारच नाही. टाकीच्या उतारावरच पाणी द्यायचं असेल तर कमी दाबावर चालणारं ठिबक बघा. स्प्रिंकलर हवे असतील तर मोटरीचा दाब पाहिजे.

आता अंतराचं. एका स्प्रिंकलरचं पाणी शेजारच्या स्प्रिंकलरच्या खुंटीपर्यंत पोचलं पाहिजे. "आपलं वर्तुळ, शेजारणीच्या पायापर्यंत" असं लक्षात ठेवा. पाणी 3 मीटर लांब जात असेल तर खुंट्या 3 मीटरच्या आसपासच ठेवा. सामान वाचवायला 6 मीटरवर ठेवल्या तर मधे कोरडे पट्टे राहतात.

एका गुंठ्याचा हिशोब बघू. गुंठा म्हणजे सुमारे 100 चौरस मीटर. त्यात तीन रांगांत तीन-तीन असे 9 स्प्रिंकलर लावले आणि प्रत्येकातून तासाला 70 लिटर पाणी पडलं, तर तासाला 630 लिटर झालं. म्हणजे जमिनीवर सुमारे 6 मिमी पाणी. तुमच्या नोझलवर वेगळा आकडा असेल तर तो धरून हाच हिशोब करा. किती वेळ चालवायचं ते "वाटलं तेवढं" न ठेवता घड्याळावर ठरवता येतं.

सगळीकडे सारखं पाणी पडतंय का, हेही तपासता येतं. इथं लवचिक नळीचा फायदा कळतो. पाणी चालू असताना पहिल्या स्प्रिंकलरची खुंटी उपसा, तोंड बादलीत उलटं धरा आणि एक मिनिट मोजा. 70 लिटरच्या नोझलमधून मिनिटाला सुमारे 1 लिटर 170 मिली पाणी यायला हवं. मग रांगेतल्या शेवटच्या स्प्रिंकलरचं असंच मोजा. दोन्हींत दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त फरक असेल तर कुठंतरी गळती आहे, फिल्टर तुंबलाय, किंवा एका लॅटरलवर जास्त स्प्रिंकलर बसवलेत.

पाणी शक्यतो सकाळी लवकर द्या. दुपारच्या वाऱ्यात सर बांधावर जाते. संध्याकाळी उशिरा दिलं तर पानं रातभर ओली राहतात आणि बुरशीला आमंत्रण मिळतं. लाइट रात्रीचीच असेल तर निदान आठवड्यातून एकदा, दिवसा लाइट असेल तेव्हा, पाणी सोडून सगळे सांधे डोळ्यांनी बघून घ्या. अंधारात गळती दिसत नाही.

बिघाड ओळखा, दुरुस्ती करा

सांध्यातून बारीक धार उडते : छिद्र मोठं किंवा लांबट झालंय. तिथं डमी लावा आणि वीतभर अंतरावर नवं छिद्र पाडा. चिंधी बांधू नका.

नळी कनेक्टरवरून निसटते : नळीचं टोक ताणून सैल झालंय. बोटाच्या पेराएवढं टोक कापून टाका आणि ताज्या टोकावर पुन्हा बसवा. तेच सैल टोक परत परत चढवू नका.

फिरकी थांबलीय, बाकी सगळ्या फिरतात : नोझल तुंबलंय. काढून पाण्यात धुवा, जुन्या टूथब्रशनं घासा. पांढरा क्षार बसला असेल तर थोडा वेळ व्हिनेगरमध्ये भिजवा. सुई किंवा तार घालू नका. छिद्र मोठं झालं की त्या नोझलचं माप कायमचं बिघडतं.

एका रांगेतल्या सगळ्याच फिरक्या मंद : लॅटरल कुठं दुमडलीय का बघा, मग फिल्टर साफ करा, शेवटची तोंडं उघडून गाळ बाहेर काढा. हे गाळ काढायचं काम एरवीही दर पंधरा दिवसांनी कराच.

नळीला दातांच्या खुणा : उंदीर किंवा खार. फाटका तुकडा कापून नवा लावा. वाफ्याभोवतीचं गवत कमी ठेवा, म्हणजे उंदरांना लपायला जागा राहत नाही.

हंगाम संपल्यावर नळ्या मोठ्या वेटोळ्यात गुंडाळून सावलीत ठेवा. घडी घालून वर दगड ठेवू नका, दुमडीच्या जागी नळी पुढच्या वर्षी फुटते.

लॉनचं काम घेतलं असेल तर

काही गटांनी कृषी पर्यटन केंद्राच्या, शाळेच्या किंवा मंगल कार्यालयाच्या लॉनची देखभाल घेतली आहे. तिथं जमिनीतून वर येणारे पॉप-अप स्प्रिंकलर असतात. नियम तोच. जमिनीतल्या पाइपातून कडक तुकड्यानं स्प्रिंकलर थेट उभा केला असेल, तर गवत कापायचं यंत्र किंवा गाडीचं चाक वरून गेलं की खालचा सांधा तुटतो. त्याऐवजी पाइपच्या बाजूनं टी काढतात आणि तिथून अर्धा इंची जाड भिंतीची लवचिक नळी दोन दातेरी एल्बो लावून स्प्रिंकलरच्या बुडाला जोडतात. नळी दोन-अडीच फुटांहून जास्त लांब नको. दातेरी टोक हातानं फिरवत आत घालायचं, त्याला ना क्लिप लागते ना सोल्यूशन. टेफ्लॉन टेप फक्त आट्यांना.

इथं खुंटी नसते, तेव्हा ओझं मातीनं घ्यायचं. स्प्रिंकलर सरळ धरून भोवती बारीक, बिनदगडाची माती थोडी थोडी टाकत प्रत्येक थराला दाबत जायचं. वरचं झाकण जमिनीच्या पातळीला आलं पाहिजे. वर राहिलं तर यंत्राच्या पात्यात येतं, खाली गेलं तर मातीनं बुजतं. पायवाटेच्या कडेपासून चार बोटं आत ठेवा.

पैसे देण्याआधी

सामान घेताना प्रत्येक वस्तूची संख्या लिहिलेलं पक्कं बिल मागा. "संच" असं एका ओळीत लिहिलेलं बिल घेऊ नका. फिटरला पहिले पाच सांधे आपल्यासमोर करायला सांगा आणि पुढचे पाच आपल्यातल्या दोघींनी त्याच्यासमोर करा. बादलीची चाचणी झाल्यावरच शेवटचे पैसे द्यायचे, हे आधीच बोलून ठेवा.

अनुदान घ्यायचं असेल तर 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना 55 टक्के आणि इतरांना 45 टक्के अनुदान आहे. हे शासनानं ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडावर मिळतं, बिलावर नाही. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा असतो. पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी करू नका. सातबाऱ्यावर जमीन अर्ज करणाऱ्याच्या नावे हवी. आपल्यापैकी कितीजणींचं नाव सातबाऱ्यावर आहे, हा प्रश्न या निमित्तानं घरात आणि बैठकीत निघाला तर चांगलंच आहे. गावच्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना बैठकीला बोलवा आणि कागदपत्रांची यादी लिहून घ्या.

गटासाठी एक डबा करा : एक पंच, एक ब्लेड, वीस डमी, दहा कनेक्टर, दोन-तीन मीटर जोडनळी, चार नोझल. डबा कुणाकडे आहे, ते वहीत लिहा. काय वापरलं तेही लिहा, म्हणजे महिन्याला किती लागतं ते कळेल आणि पुढची खरेदी अंदाजानं करावी लागणार नाही.

पुढच्या बैठकीला लॅटरलचा एक हातभर तुकडा, पंच आणि चार कनेक्टर घेऊन या. प्रत्येकीनं एक छिद्र पाडायचं, एक सांधा बसवायचा आणि ओढून बघायचा. पहिला वाकडा जाईल, तिसरा जमेल. वाफ्यात पाणी कमी पडतंय हे सगळ्यात आधी आपल्यालाच दिसतं. ते नीट करायची कलाही आपल्याच हातात असली, तर मेथी फिटरच्या फोनची वाट बघत वाळणार नाही.